पुण्याहून रोज कोणीतरी पाहतं

माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, उजव्या बाजूला वरती, काडेपेटीएवढी एक चौकट दिसायची. ती मी इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतली होती. आपली वेबसाइट आज किती जणांनी पाहिली, शेवटचं कोणी आणि किती वाजता पाहिलं, कुठल्या शहरातून पाहिलं, एवढं ती दाखवायची. खाली बारीक निळे पट्टे, रोजचा एक. साइट उघडून, पासवर्ड टाकून आकडे शोधायची गरज नाही. दुसरं काम करता करता नजर टाकली की झालं. तिला विजेट म्हणतात. माझा धाकटा भाऊ तिला मीटर म्हणायचा.

देऊळगाव राजाला बसस्टँडच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबाराचे उतारे, पीकविमा, दाखले, परीक्षांचे अर्ज. गाव तिथून जवळ. आमची शेती गावात आहे आणि ती भाऊ करतो. मिरची, वांगी, टमाटे, हंगामात कांदा. वडील गेले तेव्हा तो बारावीत होता आणि मी औरंगाबादला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होतो. कोणीतरी एकानं शेत पाहायला हवं होतं. घरात यावर काही बैठक बसली नाही. मी पंधरा दिवसांनी परत गेलो आणि तो गेला नाही, इतकंच झालं. आता वाटतं, निदान त्याला विचारायला तरी हवं होतं.

त्यानंतर वीस वर्षं त्यानं दोघांच्या वाट्याची जमीन कसली. माझ्या घरात गहू, ज्वारी, तूर, भाजी कधी विकत आली नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली. त्याचं राहिलं.

आमच्या भागात हे आता घरोघरी आहे. मुलगा कष्टाळू असो, निर्व्यसनी असो, शेती करतो म्हटलं की मुलीकडचे पाणी पिऊन उठतात. शेतकऱ्यांनाही जावई नोकरीवालाच हवा असतो. भावासाठी मध्यस्थ करून झाले, मेळावे करून झाले. त्याची चाळिशी जवळ आली तेव्हा मला वाटलं, आपल्याला जे येतं ते तरी करून पाहावं. मी शेतकरी मुलांसाठी एक वधू-वर साइट तयार केली. प्रत्येकाचं एक पान: फोटो, शिक्षण, शेती किती, पाण्याची सोय काय, फोन नंबर, आणि खाली निरोप लिहायला जागा. भावाचं पान पहिलं. मग तालुक्यातल्या, चिखली-मेहकरकडच्या मुलांचे बाप बायोडाटा घेऊन येऊ लागले. मुलीचा बायोडाटा एकही आला नाही. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "वधू-वर कायची बे, यानं तं पोळा भरवला. नुसते गोऱ्हे उभे केले तोरणाखाली." सगळे हसले. मीही हसलो. भाऊ तिथंच उभा होता, तोही हसला.

मीटर मी त्याच दिवसांत बसवलं. दुकानातला माझा कॉम्प्युटर मोजू नको, असं मी त्यात सांगून ठेवलं होतं. तेवढी अक्कल मला होती.

बाजाराच्या दिवशी भाऊ माल घेऊन यायचा. अडत्याकडे काटा झाला की दुकानात यायचा, हातपाय धुवायचा, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचा आणि चौकटीकडे पाहायचा. आधी तो गमतीनं विचारी, "आज मीटर किती पडलं?" मग एकदा मी त्याच्या पानाचे वेगळे आकडे दाखवायची सोय त्या चौकटीत केली. आता त्याच्या पानावर कोण आलं ते दिसू लागलं. सुरुवातीला जालना, बुलडाणा, एकदा नाशिक. मग ती सगळी हळूहळू थांबली, आणि पुणे येऊ लागलं. रोज. दुपारी जेवणाच्या सुमाराला एकदा आणि संध्याकाळी एकदा.

बाजाराच्या दिवशी मात्र पुणे नसायचं. भाऊ म्हणाला, "सुट्टी असंल तिची."

"ती" हा शब्द त्यानं पहिल्यांदा तेव्हा वापरला. मी दुरुस्त केला नाही.

तो भोळा माणूस नव्हता. बाजारात त्याला कोणी फसवू शकत नाही. पण त्याचं शहाणपण बाजाराचं होतं. मिरचीच्या ढिगाला एकदा हात लावून जाणारं गिऱ्हाईक वेगळं आणि बाजारभर फिरून पुन्हा त्याच ढिगापाशी येणारं वेगळं, हे तो मला समजावून सांगायचा. दुसऱ्यांदा आलं तर भाव उतरवायचा नाही. तिसऱ्यांदा आलं तर ते घेतंच, आपण फक्त गप्प उभं राहायचं. वीस वर्षं त्याचा हा अंदाज क्वचितच चुकला होता. आणि इथं तर कोणीतरी महिनोन् महिने फिरून फिरून त्याच्याच पानावर येत होतं. ऑफिसात डबा खाताना मोबाईल उघडत असेल, घरच्यांना अजून सांगितलं नसेल, म्हणून फोन करत नसेल, असं त्यानं सगळं बसवलं होतं. दाढी तो आता वेळच्या वेळी करू लागला. पानावरचा फोटो बदलून घेतला. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, पुण्याच्या पोरीले चुलीचा धूर सोसंल का रे.

एक दिवस चिखलीकडच्या उंद्रीचे एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलाचंही पान होतं. किती जणांनी पाहिलं ते नीट सांगा, म्हणाले. फुकटातल्या चौकटीत शहर आणि वेळ एवढंच कळायचं. म्हणून मी आकडे ठेवणाऱ्या मूळ साइटवर गेलो आणि सविस्तर नोंदी उघडल्या. त्यांचं काम झालं, ते गेले. पान उघडंच होतं. सहज म्हणून मी भावाच्या पानाच्या नोंदी पाहिल्या.

पुण्याहून येणारं माणूस एकच होतं. प्रत्येक वेळी तोच मोबाईल. मोबाईलच्या कंपनीचं नाव आणि मॉडेलही तिथं लिहिलेलं होतं. तो मोबाईल मी स्वतः तीन-चार वर्षं वापरला होता. कोपऱ्यातून काच फुटल्यावर मी नवा घेतला आणि तो दिवाळीला भावाला देऊन टाकला होता.

मोबाईलचं इंटरनेट ज्या शहरातून फिरून येतं, त्या शहराचं नाव असल्या नोंदीत पडतं. माणूस बांधावर बसलेला असला तरी. हे मला शिकवलेलं होतं, आणि मी विसरलो होतो. किंवा विसरलेलं मला बरं वाटत होतं. दुपारी भाकर खाऊन झाल्यावर आणि संध्याकाळी मोटार बंद करायला गेल्यावर तो आपलंच पान उघडून पाहत होता, कोणी खाली काही लिहिलंय का म्हणून. बाजाराच्या दिवशी तो माझ्या शेजारी बसलेला असायचा, म्हणून त्या दिवशी पुणे नसायचं.

मी त्याला त्या दिवशी फोन केला नाही. पुढच्या बाजारालाही सांगितलं नाही. तो आला, स्टुलावर बसला, चौकट पाहिली, आणि कालच्या तारखेपुढं पुणे दिसल्यावर त्याच्या तोंडावर जे आलं ते मला मोडवलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण ते पुरतं खरंही नव्हतं, हे पुढं माझं मलाच कळलं.

त्याच सुमारास डोणगावचं स्थळ आलं. साइटवरून नाही. अडत्याच्या ओळखीनं आलं. मुलगी घटस्फोटित होती. जालन्याला दिलेली होती, वर्षाच्या आत माहेरी परत आली होती. वडील नव्हते, मामा सगळं पाहत होते. तिच्या कागदपत्रांवरचं नाव बदलायचं काम होतं, ते निमित्त करून मामा तिला घेऊन बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात आले. कांदेपोहे वगैरे काही नाही. दोघं दोन स्टुलांवर बसले. मी अर्ज भरत होतो.

 तिनंच आधी विचारलं, "मिरचीचं रोप घरीच टाकता का इकत आणता?"

भाऊ म्हणाला, "घरीच." आणि मग सांगत सुटला. मागच्या वर्षी विकतच्या रोपावर कोकडा येऊन पानं आकसून गेली ती कशी, गादीवाफा किती उंच ठेवतो, पाणी सकाळीच का देतो. ती मधे मधे एखादा प्रश्न विचारी, आणि तो प्रश्न ज्याला शेत माहीत आहे त्याचाच असे. कोकड्यावर ती म्हणाली, तुमी झाडं उपटायले उशीर केला असंल, जीव झाला नसंल. तो म्हणाला, हाव. घराबाहेरच्या कोणाशी तो इतका वेळ बोललेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

मामांनी मला चहाला बाहेर नेलं. कपातला चहा बशीत ओतला आणि प्याले नाहीत. म्हणाले, "पोरगी एकडाव तोंडघशी पडेल हाये. आता नवऱ्याच्या नावावर कायी असलं तं माझ्या जीवाले घोर नाई. तुमी दोघं भाऊ वाटणी करून टाका, अन् मंग तारीख काढू. बाकी आमचं कायीच म्हणणं नाई."

वडिलांच्या पाठीमागे सातबाऱ्यावर आई आणि आम्ही दोघं, अशी तिघांची नावं होती. वाटणीला काय काय कागद लागतात हे तालुक्यात माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल. मी रोज लोकांचे तेच अर्ज भरतो. त्यांची मागणी रास्त होती. पण त्या चहाच्या कपासमोर माझ्या मनात भावाचं लग्न आलं नाही. विहीर कोणाच्या वाट्याला जाईल ते आलं. वेगळं झाल्यावर माझ्या वाट्याची जमीन कोण कसणार ते आलं. भाऊ असाच राहिला तर पुढं सगळं माझ्या मुलांकडंच येणार, हे मी कधी मनातसुद्धा शब्दांत म्हटलं नव्हतं. त्या दिवशी ते शब्दांत आलं. बायकोनं मागं एकदा ते बोलून दाखवलं होतं तेव्हा मी तिच्यावर चिडलो होतो.

मामांना मी म्हणालो, "पाहू."

संध्याकाळी टेम्पोत रिकामी कॅरेट चढवताना भाऊ म्हणाला, "चांगली हाये. समजदार हाये." मग दोन कॅरेट चढवून झाल्यावर म्हणाला, "पंधरा दिवस थांबा म्हण त्यायले, दादा."

"काऊन?"

"पुण्याची रोज पाहून राह्यली. इकडं हाव म्हणलं अन् तिकडून फोन आला तं? बरं दिसत नाई ते."

मला खरं काय ते माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो असतो तर त्यानं डोणगावला हो म्हटलं असतं, आणि मग वाटणीचा प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहिला असता. मी म्हणालो, "तुझी मर्जी."

पुण्याची कोणी नव्हतीच. तरी तिची मला मदत झाली.

मामांनी दोनदा फोन केला. मी दोन्ही वेळा थोडं थांबा म्हणालो. वाटणीबद्दल त्यांनी विचारल्याचं भावाला सांगितलं नाही. तिसरा फोन आला नाही. पुढं अडत्याकडून कळलं की मेहकरकडच्या एका दूधवाल्याशी तिचं लग्न झालं. भावालाही ते कळलं. त्या दिवशी त्यानं मला पानावर एक ओळ टाकायला सांगितली. कागदावर लिहून आणली होती: पुण्याहून जे रोज पाहतात त्यांनी एकदा फोन करावा, आम्ही वाट पाहत आहोत.

मी ती ओळ टाइप केली. ऱ्हस्वदीर्घ तपासलं आणि पानावर चढवली. हे मी केलं. 

ती ओळ जायला नको तिकडं गेली. साइट दुसरं कोणी पाहत नसलं तरी गावातल्या पोरांनी पाहिली. महिनाभरात भावाचं नाव पुणेकर पडलं. मला ते माहीत नव्हतं. एकदा मी अडत्याकडं गेलो होतो, भाऊ काट्यावर पोती ठेवत होता, आणि हमालांतला एक जण ओरडला, "पुणेकर, बाजूले सरका, मेट्रो येऊन राह्यली." सगळा कट्टा हसला. टपरीवर हसला होता तसा भाऊ या वेळी हसला नाही. त्यानं पोतं खाली ठेवलं, बाजूला सरकला आणि हमालाला जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन शेतात गेलो. चौकट मी त्यावरही बसवून घेतली होती. भाऊ मिरचीच्या पट्ट्यात ठिबकच्या नळ्या पाहत होता. आम्ही गोठ्याच्या सावलीला बसलो. मी त्याला सरळ सांगितलं की पुण्याची कोणी नाही, ते तुझंच पाहणं आहे.

त्याला ते पटलं नाही. उलट तो माझ्याकडं अशा नजरेनं पाहू लागला की मला खाली पाहावं लागलं. म्हणाला, "तुले मी लगन केलेलं नाई पाह्यजे. म्हणून म्हणून राह्यला."

मी म्हणालो, "तुझा मोबाईल काढ. पान उघड."

त्यानं उघडलं. त्या चौकटीला आकडे यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात गाय शेपटीनं माशा हाकलत होती. मग चौकटीत पुणे आलं. त्यापुढं आत्ताची वेळ.

"पुन्हा उघड," मी म्हणालो.

त्यानं बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा पुणे आलं. तिसऱ्यांदा त्यानं मी न सांगता उघडलं, आणि चौकटीकडं न पाहता मोबाईलच्या पडद्यावरच्या आपल्याच फोटोकडं पाहत बसला. नंतर मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला.

मग त्यानं विचारलं, "कधीपासून माहीत हाये तुले?"

"डोणगावचे यायच्या आधीपासून."

"मंग डोणगावच्यायनं काऊन सोडलं? मी तं पंधराच दिवस म्हणलो होतो."

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मामांनी वाटणीचं विचारलं होतं, ते मी सांगितलं.

"मंग तू काय म्हणला?"

"पाहू, म्हणालो."

"मले सांगतलं नाई."

"नाही."

तो उठला. मला वाटलं काही तरी फेकेल, किंवा शिव्या देईल. मी त्याची वाट पाहत होतो, मला ते हवंही होतं. तो लॅपटॉपकडं पाहून म्हणाला, "हे मशीन हाये दादा. त्याले काय समजते. तुले तं समजत होतं." आणि पट्ट्यात जाऊन अर्धवट राहिलेल्या नळ्या पाहू लागला. मी तिथं बराच वेळ बसलो. तो माझ्याकडं वळला नाही.

मी साइट बंद केली. प्रत्येक मुलाच्या बापाला फोन करून सांगितलं की तुमच्या पानावर येणारे बहुतेक तुमच्या घरचेच होते. काही जणांनी गुपचूप फोन ठेवला. उंद्रीचे गृहस्थ म्हणाले, हे आधी सांगितलं असतं तर निदान आम्ही पाहणं तरी बंद केलं असतं.

वाटणी केली. ती भावानं मागितली नाही, मीच अर्ज घातला. विहिरीकडची बाजू त्याला दिली. तहसीलमध्ये आई मधल्या बाकावर बसली होती. मी बोट ठेवीन तिथं त्यानं सही केली, वाचलं काहीच नाही. त्याच्या एकट्याच्या नावाचा सातबारा झाला तेव्हा तो मीच छापला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं घडी करून खिशात ठेवला आणि फीचे होतात तेवढे पैसे काढून टेबलावर ठेवले, इतर गिऱ्हाइकं ठेवतात तसे.

माझ्या वाट्याची जमीन आता पडीक आहे. बटईनं, अर्ध्या वाट्यावर करायला कोणी मिळालं नाही. भाऊ बाजाराला येतो, काटा करतो आणि परस्पर गावी जातो. मी आईला फोन करतो. ती सांगते, जेवतो वेळेवर, कामाले जातो, मिरची चांगली हाये. आता त्याच्या नावावर जमीन आहे, पाणी आहे, म्हणून मी दर वेळी विचारतो, कोणी आलं होतं का बघायला.  मागच्या वेळी ती म्हणाली की दोन ठिकाणचे यायला तयार होते, पण त्यानंच सांगून ठेवलंय, आता कोणालेच आणू नका म्हणून.